नानाच्या कॅसेटी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. हात भरलेले, म्हणून फोन कोपराने स्पीकरवर टाकला, तर नानाच्या मुलाचा, प्रसादचा आवाज आला, "आत्या, नाना गेले." तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस. आज ना उद्या हे ऐकायचंय हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी मी त्या परातीकडे बघत नुसती उभी राहिले... तासाभरापूर्वी मिरकरवाड्यावरून हौसेने आणलेली मासळी, आता सुतकात तिचं काय करायचं, एवढंच डोक्यात येत होतं. शेवटी परात तशीच्या तशी शेजारणीकडे दिली आणि घराला कुलूप लावून निघाले.

नाना माझा सख्खा थोरला भाऊ. रत्नागिरीहून पावसकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथे त्याची दीडशेच्या वर हापूसची कलमं. जन्मभर त्याने दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक, कलमं सांभाळली आणि दुसरं, आम्हा सगळ्यांचं शूटिंग केलं. या दुसऱ्या वेडाला माझे यजमान कारण. ते बोटीवर होते, वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर. एका खेपेला त्यांनी सिंगापूरहून कॅमेरा आणला आणि मला न देता नानाच्या हातात ठेवला. "मी नसताना इथे काय काय होतं, ते मला आल्यावर दाखवा," म्हणाले. नानाने ते इतकं मनावर घेतलं की आमच्याकडे बारशापासून विहिरीचा गाळ काढण्यापर्यंत कॅमेऱ्याशिवाय काही व्हायचंच नाही. वहिनी वैतागायची, "आधी ताट वाढू की आधी तोंड दाखवू?" म्हणून.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधायला गेलो, तर नानाचा फोटोच नाही. आधार कार्डावर एक होता, त्यात तो पकडून आणल्यासारखा दिसतो. कायम कॅमेऱ्यामागे उभा राहणाऱ्या माणसाचा फोटो काढायचं कोणाच्या मनात आलंच नव्हतं. मग प्रसादने पत्र्याच्या ट्रंकेतल्या बावीस कॅसेटी शहरातल्या एका स्टुडिओत देऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि माझ्याकडे आणून दिल्या. "तूच बघ, आत्या. त्यात कुठे नाना दिसले तर सांग. मला नाय बघवत." पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासले आहेत मी, चिकाटीने बघत बसण्याची सवय आहे. दुपारची जेवणं आटोपली की टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची आणि क्रमाने एकेक बघायची, असं ठरवलं.

पहिल्या कॅसेटीत पौषातली कलमं आहेत, मोहराने नुसती लगडलेली. चित्र कसं, तर रांगोळीची रेघ ओढावी तसं सरळ, न हलता, एका कलमावरून दुसऱ्यावर जाणारं. आणि मागून नानाचा आवाज, "भावोजी, ह्या बघा मोहर. यंदा देवान् लाज राखल्यान् हां." मी चटकन रिमोट दाबून थांबवलं. माझ्या यजमानांना जाऊन आता सहा वर्षं झाली. एक गेलेला माणूस दुसऱ्या गेलेल्या माणसाला हाक मारतोय आणि ती ऐकायला घरात मी एकटी... पुढे बघायला मला अर्धा तास लागला.

पुढच्या चित्रात फवारणी आहे. आमच्याकडे तिला 'औषध मारणं' म्हणतात. मोठ्या निळ्या पिंपात पाणी, त्यात डब्यातलं औषध ओतायचं आणि ढवळायचं. काठीने ढवळलं की तळाशी गुठळी राहते, असं आमच्या वडिलांचं मत. म्हणून आमच्या घरात पद्धत अशी, की सदऱ्याची बाही दुमडायची आणि उजवा हात पिंपात कोपरापर्यंत घालून ढवळायचं. औषध जोरकस झालं की नाही ते वासावरून ठरवायचं. नाकाला टॉवेल बांधला तर वास कसा कळणार, म्हणून टॉवेल खांद्यावर! नानाने कॅमेरा वहिनीकडे दिला होता तेवढ्यापुरता, पण वहिनीने हौसेने शूटिंग केलं ते पिंपाचं आणि त्यातल्या हाताचं, तोंडाचं नाही. त्या हाताला अंगठी आहे, म्हणून तो नानाचा हे कळतं. मे महिन्याच्या कॅसेटीत तेच पिंप अंगणात आहे. पाण्याने भरलेलं, आणि आत माझी लेक आणि सहा-सात वर्षांचा प्रसाद डुंबतायत. गुळण्या भरून एकमेकांच्या अंगावर उडवतायत. मागून माझाच आवाज येतो, "नाना, अरे ते औषधाचं ना?" आणि नाना म्हणतो, "तीनदा धुतलंय गो बाय. काय व्हतंय!" त्यावर मी हसले आहे. चांगली मोठ्याने हसले आहे.

बारावी-तेरावी कॅसेट असेल. चित्र थोडंसं थरथरू लागलं. आधी मला वाटलं कॅसेट खराब झाली असेल, इतकी वर्षं कोकणच्या दमटपणात पडून. पण कॅसेट खराब असती तर आवाजही बिघडला असता. आवाज स्वच्छ होता. प्रसादच्या लग्नाच्या कॅसेटीत तर, लांज्याला, अंतरपाट, वधूवर, भटजी, सगळेच थरथरतायत. आणि पुन्हा माझा आवाज, "नाना, कॅमेऱ्याला हिवताप झाला काय रे? नीट धर की!" सगळा मांडव हसतो. नाना कमी नव्हता, तो लगेच म्हणतो, "असांदे गो. भावोजींना बोटीवर असल्यासारखा वाटंल." पुन्हा हशा. कंपवाताचं निदान झालं त्यानंतर पाच वर्षांनी. पाच वर्षं तो हात आम्हाला दाखवत होता आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. मला माझी लाज वाटली, आणि ती कमी व्हायचं नाव घेत नाही.

फोटो शेवटी मिळाला, तो क्रम चुकून मागे राहिलेल्या, प्रसादच्या लग्नाच्याही आधीच्या एका कॅसेटीत. नानाने कॅमेरा गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर ठेवलाय. "आता आपला आपण व्हंदे," असं काहीतरी पुटपुटतो आणि चक्क चित्रात येतो. पाठमोरा चालत कलमापर्यंत जातो, वळतो, कॅमेऱ्याकडे बघून हसत परत येतो. केवढा देखणा होता माझा भाऊ! मी प्रसादला फोन करायला उठले आणि मधेच बसले. कारण मला डॉक्टरांचा एक प्रश्न आठवला. पहिल्या तपासणीच्या वेळी मी बरोबर होते. त्यांनी विचारलं होतं, "आधी कधी लक्षात आलं होतं का, चालताना यांचा एक हात हलत नाही असं?" वहिनी, प्रसाद आणि मी, तिघांनीही नाही म्हटलं होतं. मी चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. नाना चालतोय. डावा हात पुढेमागे होतोय. उजवा नुसता बाजूला लोंबतोय, उसना आणल्यासारखा. मी ते किती वेळा बघितलं ते सांगत नाही.

हे औषधानेच झालं का, हेही त्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ते हाताळू नका. नानाने दुसऱ्या दिवशी प्रसादला हाताळायला लावलं. तेव्हापासून सात हंगाम प्रसादच पिंप ढवळतोय.

गेल्या आठवड्यात मी गावी गेले. चार दिवस मळभ होतं. मोहर फुललेला असताना मळभ म्हणजे बागायतदाराच्या जिवाला घोर, तुडतुडे पडले की मोहर काळा पडून गळतो. प्रसाद पिंप भरूनच बसला होता. मी येतानाच रबरी हातमोजे आणि तोंडाला लावायचा मास्क घेऊन गेले होते. त्याने ते दाराच्या खिळ्याला अडकवले. तिथे आणखी एक जोड आधीच लटकत होता, पिशवीसुद्धा न फोडलेला. "बैल गेला नि झोपा केला," वहिनी म्हणाली. "तुमच्या भावासाठी आणलेले ते, वन्सं. त्यांनी पण असेच लटकवले."

"प्रसाद, यंदा नको मारू," मी म्हटलं.

"आणि मग खावचं काय, आत्या? मळभ दिसत नाय तुला?"

"मग माणूस लाव. नाहीतर काठीने ढवळ, मोजे घालून ढवळ. नानाचं बघितलंस ना?"

"नानांचं वय झालेलं." तो तोडून बोलला. मग जरा हसला, "मी अजून चाळीशीचा पण नाय गो."

"हात पुढे कर बघू."

"शाळेत नखं बघायचीस तशी?" असं म्हणून त्याने डावा हात पुढे केला. मी म्हटलं, दुसरा. तो उठलाच. "पंप गरम होतोय," म्हणाला आणि उतरणीवरून बागेकडे चालू लागला. मी काय करतेय हे मलाच कळायच्या आत मी पर्समधून फोन काढला आणि त्याचं पाठमोरं शूटिंग केलं, तो कलमांच्या आड जाईपर्यंत. डॉक्टरांना दाखवता येईल, असं मनात होतं. मला भीती वाटते, हे सरळच लिहिते. नाना गेला त्याचं दुःख आहे, पण ते दुःख आता शांत बसून करायची सोय राहिलेली नाही.

खाली फवारणी सुरू झाली. कलमांच्या शेंड्यांवरून पांढरा फवारा वर आला आणि त्याचा वास अंगणापर्यंत पोचला. मी ते वीस-पंचवीस सेकंदांचं चित्र लावलं, बघितलं, पुन्हा लावलं. वहिनी पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभी राहिली. काय बघते आहे, ते तिला सांगावं लागलं नाही.

"काय दिसतं काय हो, वन्सं?" तिने अगदी हळू विचारलं.

मी फोन पालथा केला. "नाही गं वहिनी," म्हटलं, "उन्हामुळे काहीच दिसत नाही."

वहिनीने मान वर करून मळभाने भरलेल्या आभाळाकडे बघितलं. मग ती आत गेली.