पश्चिमेस अंधार

अर्जदार : मालेगावच्या (जि. वाशीम) तहसील कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा, म्हणजे प्रस्तुत लेखक. गैरअर्जदार : अर्जदाराचे साडू. घटनेचा दिनांक : दर रविवार, दुपारची जेवणे आटोपल्यावर. घटनास्थळ : गैरअर्जदारांच्या घराची पुढची खोली. साक्षीदार : दोन, एक अर्जदाराची पत्नी, दुसरी तिची थोरली बहीण, जी गैरअर्जदारांची पत्नीही आहे. सबब साक्षीदार फितूर आहेत असे समजूनच पुढील मजकूर वाचावा.

माहितीच्या रस्त्याचा इतका तिटकारा असलेला दुसरा इसम उभ्या वाशीम जिल्ह्यात नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहून देतो. साडूंची सारी नोकरी टपालाची छाटणी करण्यात गेली. "जलमभर इंझोरीचं पत्र इंझोरीच्या थैलीत टाकलं," ते म्हणतात, "पन इंझोरी कशी दिसते, ते काई पाह्यलं नाई." निवृत्त होताच त्यांनी ही उणीव अशा त्वेषाने भरून काढण्यास घेतली की त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसणे म्हणजे आपले प्रयोजन सोडून देणे होय. मानोऱ्याला एका लग्नास निघालो असता डांबरी सडक सोडून त्यांनी गाडी शेतांमधल्या पांदणीत घातली. कारण विचारता म्हणाले, "ते टेकडं दिसून राह्यलं ना, त्याच्या मांगं काय हाय ते पाहू." टेकडामागे तुरीचे वावर निघाले, वावरामागे नाला, नाल्यापलीकडे एक तांडा. तिथल्या एका म्हातारीने आम्हांस गुळाचा चहा पाजला आणि कोणाच्या लग्नाला निघालात असे विचारले. तोवर ते लग्न लागून पंगतीही उठल्या होत्या. मी रुसलो. साडू म्हणाले, "लग्नं दरसाली रायतात साडूभाऊ. हा नाला पाह्यला होता काय तुमी?"

अशा माणसाच्या हाती त्यांच्या पुण्याच्या कन्येने दिवाळीत एक खेळ दिला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, आणि काही करू गेले की वीस तोंडांचा फासा टाकून ते साधले की फसले ते ठरवायचे, असा तो प्रकार आहे. सुटी संपताच कन्या गेली, खेळ राहिला. त्यात राक्षस, तलवारी, जादू, सर्व आहे. परंतु साडूंनी लढाया जवळजवळ बाद केल्या. "मारामारी तं बसस्टँडवरबी पाह्यले भेटते. गुहा भेटते काय?" त्यांच्या खेळात शोधत जाणे एवढेच काम, आणि कायदा एकच : विचारल्याशिवाय काही दिसत नाही. माझी पत्नी त्यात चोर आहे आणि तिला ते शोभते त्याहून अधिक आवडते. थोरल्या बाई जादूगारीण असून कोणत्याही भुयारात शिरल्या की प्रथम विचारतात, "पानी हाय काय तेथी?" मी सरदार आहे. पुलावर दानव आडवा आला तेव्हा मी तलवार न उपसता 'महोदय' येथून सुरू होणारा अर्ज तोंडी सादर केला. दानवाने, म्हणजे साडूंनी, तो डोळे मिटून ऐकला आणि वाट दिली. त्याला आजवर कोणी महोदय म्हटले नव्हते, असे कारण सांगण्यात आले.

आमचा खरा वाद चतुःसीमेवरून होता. चारही बाजूंस काय आहे हे लिहिल्याशिवाय मी कोणाची जमीन कागदावर उतरवत नाही. गुहेत शिरताच मी विचारी, "पूर्वेस?" साडू खेळात छापील भाषा बोलतात. "पूर्वेस पाझरणारी भिंत. उत्तरेस जिना. दक्षिणेस तुम्ही आलात ती वाट." "आणि पश्चिमेस?" "पश्चिमेस अंधार." अंधार ही सीमा होऊ शकत नाही, अशी माझी हरकत. मग छापील भाषा गळून पडे : "नसन होत, तं जाऊन पाहा ना."

अशा माणसाचा एक डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उरलेल्या एकात यंदा डावीकडून काळी छाया येऊ लागली, तेव्हा त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही. थोरल्या बाईंनी डावीकडून दिलेला चहा त्यांचा हात लागून सांडला तेव्हा कबुली झाली. "पडदा येऊन राह्यला," ते म्हणाले, "कुठवर येते ते पाहून राह्यलो होतो." बाई म्हणाल्या, "पाह्यलेच कायी राह्यलं नसतं, मंग काय पाह्यलं असतं?"

अकोल्याला डोळ्याच्या सुटलेल्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी, आणि आत भरलेला वायू पडद्याला टेकून राहावा म्हणून पालथे निजण्याचा हुकूम. साक्षीदार जेवायला गेल्या आणि मी त्यांच्यापाशी बसलो. उशीतून आवाज आला, "साडूभाऊ, मी कुठी हाव?"

मला कळले की आता सांगायची पाळी माझी. मी घसा साफ केला. "पूर्वेस खिडकी. खिडकीत कबुतर. उत्तरेस दार. दक्षिणेस आपण आलो तो जिना."

"पश्चिमेस?"

"पडदा आहे. पलीकडे पलंग असावा."

"त्याच्यावर कोन हाय?"

"कल्पना नाही."

"मंग जाऊन पाहा ना."

परवानगीशिवाय परक्याचा पडदा मी आयुष्यात सारला नव्हता. सारला. आत इंझोरीचे एक आजोबा नर्सबाईंची नजर चुकवून फुटाणे खात होते. त्यांनी मूठभर मलाही दिले. मी परत येऊन सर्व वृत्तान्त सांगितला तेव्हा साडूंची पाठ हसून हलू लागली. मग ती हलायची थांबली आणि ते म्हणाले, "सांगत राहा. थांबू नोका." मी सांगत राहिलो. कबुतराचे तर तीन वेळा सांगितले.

पट्टी निघाल्यावर काही दिवस पाण्याखालून पाहावे तसे त्यांना दिसे. नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी बोटे दाखवून किती ते विचारले. "बोटं रायू द्या," साडू म्हणाले, "तुमच्या मांगं भित्तीवर पाल हाय." आम्ही सर्व वळलो. पाल होती. पाल पाहून इतका आनंद झालेली मंडळी त्या दवाखान्याने पूर्वी पाहिली नसावी. थोरल्या बाई तर पदराने डोळे पुसत तिच्याकडेच पाहत उभ्या होत्या.

आता रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. डावीकडची कड तेवढी धूसरच राहणार, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. साडूंची बैठक उत्तरेकडे तोंड करून असते. डावीकडे, म्हणजे पश्चिमेस, बसतो मी. परवा खेळ मध्येच थांबवून त्यांनी मान पुरती वळवली, मला न्याहाळले आणि म्हणाले, "हाव ना तुमी? मले वाटलं, अंधारच हाय." गुहेच्या पश्चिमेस काय, हे मी त्या दिवशी विचारले नाही.

सबब विनंती की, सदर पश्चिम बाजूस काय आहे त्याचे उत्तर गैरअर्जदारांनी द्यावे. लेखी नसले तरी अर्जदाराची हरकत नाही. मात्र ते त्यांनी स्वतः, समोर बसून, दर रविवारी थोडे थोडे द्यावे, आणि लवकर संपवू नये, हीच न्यायाची मागणी.