ओल्या कचऱ्याचं वजन

आमच्या गल्लीत कचऱ्यापासून गॅस करायचं घाटत होतं, तेव्हा मी वीज कंपनीच्या बिल विभागातून नुकतीच निवृत्त झाले होते. निवृत्त माणूस मोकळा असतो, असा आपल्याकडं पक्का समज आहे. समितीचं काम कोण बघणार हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी नाही म्हणायच्या आत टाळ्यासुद्धा वाजल्या. विजेच्या खात्यात जन्म गेला म्हणजे गॅसचंही कळत असणार, असं लोकांनी धरून टाकलं. मला मीटरचे आकडे सोडून काही कळत नव्हतं, पण हे सांगून ऐकतो कोण.

योजना तशी सरळ होती. घरातला ओला कचरा घंटागाडीत न देता गल्लीच्या टोकाला बांधायच्या टाकीत टाकायचा. तिथं तो कुजून गॅस होणार आणि तो नळीनं माझ्या धाकट्या जावेच्या शेडमध्ये जाणार. जाऊ कडक भाकरी करून विकते. दीर गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालतं. पहाटे चूल पेटली की दुपारपर्यंत ती आणि तिच्या जोडीच्या दोन बाया ज्वारीच्या पातळ भाकरी थापतात, तव्यावर कापडानं दाबून दाबून वाळवतात. जळण तुराट्यांचं आणि बाभळीचं, शेड पत्र्याची, त्यामुळं धूर आतच कोंडतो. तिला खोकला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धूर बंद करा, नाहीतर धंदा बंद करा. एवढ्या भाकरी सिलिंडरवर करणं परवडत नव्हतं. म्हणजे तिच्या दृष्टीनं हा गॅस आला तर धंदा राहणार होता, नाहीतर नाही. गल्लीला हे माहीत होतं, म्हणून तर जागेला कुणी फार विरोध केला नाही.

फार केला नाही म्हणजे थोडा केलाच. एकाला वास येणार होता. एकाला टाकी फुटेल असं वाटत होतं. ती शेजाऱ्याच्या बाजूला सरकवली तर फुटणार नाही, असं त्याच्या बोलण्यावरून दिसलं. एका आजोबांनी विचारलं, "उष्ट्या-खरकट्याच्या गॅसवरची भाकरी नैवेद्याला चालंल का?" मी म्हटलं, तुमच्या शेतात शेणखतावर आलेली ज्वारी चालते ना? तर म्हणाले, "ते येगळं." कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याचे फिटायला सभाच पुष्कळ लागल्या.

महापालिकेकडून एक इंजिनिअर मुलगी यायची. मोहोळहून रोज एसटीनं ये-जा करणारी, बोलायला नेमकी. तिनं सांगितलं, "मॅडम, टाकी केवढी बांधायची ते कचऱ्यावर ठरतं. आठवडाभर प्रत्येक घराचा ओला कचरा वजन करून घेऊ. कमी भरला तर हा प्रकल्प दुसऱ्या वॉर्डात जाईल." कोपऱ्यावर टेबल मांडून त्यावर वजनकाटा ठेवला. सकाळी बायकांनी बादली घेऊन तिथं यायचं, असं ठरलं.

हे ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि सोलापुरात इतकी वर्षं राहून हे चालेल असं मला कसं वाटलं, देव जाणे. चार बायकांसमोर आपल्या घरची खरकटी बादली उघडी करायची! आमच्याकडं भाकरीचा तुकडा पायाखाली आला तरी उचलून कपाळाला लावतात. अन्न टाकणारं घर म्हणजे माजलेलं घर, आणि सून असेल तर तिच्या माहेराचाही उद्धार होतो.

पहिल्या दिवशी बादल्या आल्या त्या घासून लखलखीत केलेल्या. एकीत कांद्याची सालं, एकीत देवाचं निर्माल्य. एका बाईनं कोथिंबिरीच्या काड्या चक्क धुऊन आणल्या होत्या. समोरच्या विणकर घरातल्या आजी पदराखाली वाटी झाकून आल्या. वाटीत केळ्याची एक साल होती. "आमच्या घरात काय पण वाया जात न्हाय," असं त्या मराठीत म्हणाल्या आणि मग सुनेला तेलुगूत काहीतरी बजावलं. सून हसू दाबत होती. जावेच्या बादलीत शेवग्याची देठं आणि चहाचा चोथा, एवढंच.

आठवडाभर हेच चाललं. त्याच आठवड्यात मागच्या नाल्यात कॅरीबॅगांचा खच पडला. भात, वरण, आंबलेली पोळी, सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण नाल्यातली डुकरं काही झाकून खात नव्हती. मला हसू आलं आणि मग रागही आला, कारण शनिवारी बेरीज बघून इंजिनिअर मुलगी म्हणाली, "एवढ्यावर चहाचं आधणसुद्धा व्हायचं नाही, मॅडम."

रविवारी समाजमंदिरात सभा घेतली. काटा मुद्दाम मधोमध ठेवायला लावला. इंजिनिअर मुलीला गळ घालून आणखी एक दिवस मागून घेतला होता, तीही वही घेऊन काट्याशी बसली होती. मी बिल विभागात शिकलेल्या आवाजात बोलले. म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली. सगळ्यांकडं अन्न उरतं, सगळ्यांकडं विटतं, मग लाज कुणाची धरता? तुमच्या अब्रूपायी एका बाईची छाती भरत चाललीय धुरानं, ती बघा बसलीय. सगळ्यांनी जावेकडं पाहिलं. मी आणखी ठेवून दिलं, की तिनं तरी किती वेळा तोंड वेंगाडायचं तुमच्यापुढं? आजी पदराशी चाळा करत बसल्या.

जाऊ उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, तिचं दुखणं सगळ्यांपुढं काढलं म्हणून रागावली. जरा वेळानं ती परत आली ती पोतं ओढत. भरलेलं पोतं, तोंडाला सुतळी. दोघांनी हात लावून ते काट्यावर ठेवलं. तिनं सुतळी सोडली. आत भाकरी होत्या. करपलेल्या, एका बाजूनं काळ्या कोळसा झालेल्या.

"ह्या एका आठवड्याच्या," ती म्हणाली. "सांगोल्याकडचा शेळ्यावाला येतो, त्याला देते गुपचूप. बादलीत कशा आणू? भाकरीवालीच्याच भाकरी करपतात म्हटल्यावर घील का कोण माझ्याकडनं?"

सभेत चुळबुळ झाली. पंचवीस वर्षं भाकरी थापणारी बाई. तिच्या हातची भाकरी करपली असं आमच्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "अगं, पण एवढ्या करपतात कशा?"

तिनं पोत्यातली एक भाकरी उचलून बोटांनी चाचपली.

"दिसत न्हाय, अक्का. सक्रांतीपासनं तवा नुस्ता धूसर दिसतोय. रंग कळत न्हाय भाकरीचा. बोट लावून बघते, चटका किती बसतोय त्यावरनं उलटते. चुकतं मग."

तिचा उजवा हात मी हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं जाड, पांढुरकी झालेली, काही ठिकाणी ताजे फोड. एका अंगणात राहतो आम्ही. मला खोकला ऐकू येत होता, म्हणून खोकलाच तेवढा आजार, असं मी धरून चालले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

दारात हालचाल झाली. एक बाई उठून घराकडं गेली, मग दुसरी. विणकर घरातल्या आजी सुनेला म्हणाल्या, "जा, ती मोठी बादली घेऊन ये. झाकण नको."

मी जावेला म्हटलं, "चल, ऊठ. रविवारीही दवाखाना उघडा ठेवणारा डोळ्यांचा डॉक्टर हाय माझ्या माहितीतला. आत्ताच जाऊ."

तिनं हात सोडवून घेतला आणि काट्याच्या दिशेनं, अंदाजानंच, तोंड वळवलं.

"आदी त्यास्नी वजन लिवू द्या, अक्का," ती म्हणाली. "डोळं मग."