राणीची छत्री

सूफ्रियेर गावात सणासाठी लुटुपुटूचे राजा-राणी नेमून गाण्याच्या बैठकी भरवणाऱ्या गुलाब मंडळीच्या वृद्ध राणीने, क्लोतिल्दबाईंनी, गुडघे साथ देईनासे झाल्यावर सिंहासन सोडले आणि आपल्या जागी व्हर्लिंडा शार्लेरीचे नाव सुचवले, तेव्हा सभागृहात क्षणभर कुणी टाळी वाजवली नाही. उघडपणे सांगण्याजोगे कारण मात्र कुणापाशीच नव्हते. कित्येक वर्षे मंडळीची प्रमुख गायिका व्हर्लिंडाच होती. तिच्या आवाजावाचून एकही बैठक रंगत नसे. परंतु गायिका खांबाशेजारी उभी राहते आणि राणी दिव्याखाली बसते. आजवरच्या साऱ्या राण्या पिंगट केसांच्या आणि मधाच्या कांतीच्या होत्या. व्हर्लिंडा तव्याच्या बुडासारखी, असे तिची सख्खी मावशीच म्हणत असे.

मंडळीचा राजा ओक्ताव एरवी शिंपीकाम करी. त्याने घसा खाकरला.

"आवाज राणीचाच आहे गं पोरी. पण मुकुटाखाली तोंड दिसायला नको? संत रोझच्या सणाला अजून महिना आहे. जरा उजळून ये, म्हणजे कुणी ब्र काढायचं नाही."

त्याच संध्याकाळी मावशी, म्हणजे तांत एझिलिया, पदराआड लपवावी तशी रुमालात गुंडाळून मलमाची डबी घेऊन आली.

"रात्री लावायचं आणि दिवसा घराबाहेर पडायचं नाही."

"मग कोको कोण वाळवणार, तांत? तुमचा राजा?"

"जीभ आवर. त्या जिभेपायीच आजवर खांबाला टेकून राहिलीस."

व्हर्लिंडाला ते आसन हवे होते, आणि ते तिने स्वतःपासून कधी लपवले नव्हते. तिची आई जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींच्या राजवस्त्रांना इस्त्री करत राहिली; सणाच्या दिवशी झालरींचे चटके बोटांवर घेऊन ती मागच्या दाराशी उभी असे. त्या दाराची आठवण ठेवूनच व्हर्लिंडाने डबी उघडली.

परंतु कोको कुणासाठी थांबत नाही. सकाळी वाळवणाच्या माचांवरील छप्पर सरकवायचे आणि अनवाणी पायांनी बिया परतत उन्हात येरझारा घालायच्या, हे तिचे काम. नीट न मुरलेली बी राखाडी राहते आणि दलाल ती घेत नाही. मलमाने पातळ झालेली कातडी त्या उन्हाला पुरी पडली नाही. दुसऱ्या आठवड्यात उजव्या गालाची साल निघाली. घाम लागला की मिरची चोळल्यासारखी आग होई. एके दुपारी ती माचावरून उतरली, तोंड धुतले आणि तशीच ओल्या चेहऱ्याने मावशीच्या घरी गेली.

"ही घ्या तुमची डबी. राणी व्हायचंय मला, तांत. पण मीच व्हायचंय."

"मग बस खांबाशी!"

"बसणार नाही."

सणापूर्वीच्या शेवटच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे लुटुपुटूचा दरबार भरला. आरोपीने उत्तर गाऊनच द्यावे, आणि त्याचे ध्रुवपद राजासह सर्वांनी उचलावे, अन्यथा दंड भरावा, असा मंडळीचा नियम आहे. तो मोडल्याचे कुणाच्या स्मरणात नाही. कोतवालाची टोपी त्या वर्षी गास्पार कोळ्याच्या डोक्यावर होती. त्याने व्हर्लिंडाचा दंड धरला.

"राजेसाहेब, गुन्हा! या बाईचा अर्धा गाल उकडलेल्या खेकड्याचा, बाकीचं तोंड कोळशाचं. आता बेडी नक्की कुणाला घालू?"

सभागृह खदखदून हसले. मावशीने मान खाली घातली. व्हर्लिंडा खांबापासून दूर झाली, थेट दिव्याखाली येऊन उभी राहिली आणि ढोलक्याकडे पाहून तिने मान हलवली.

"राखाडी बी दलाल फेकतो,
काळी पोत्यात भरतो;
ऊन पिऊन मुरले मी,
ऊन पिऊन मुरले मी!"

प्रथम मागच्या बाकांवरील कोकोवाल्या बायकांनी ध्रुवपद उचलले, मग कोळ्यांनी. पिंगट केसांच्या मुलींनाही ते म्हणणे भागच होते. "ऊन पिऊन मुरले मी" असे प्रत्येकजण स्वतःच्या तोंडाने म्हणू लागला. राजा तेवढा गप्प होता. गास्पार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"राजेसाहेब, ओठ मिटलेले दिसतात! नियम सर्वांना की फक्त आम्हाला?"

ओक्तावने इकडेतिकडे पाहिले. नियमाचा रखवालदार तोच होता. आधी पुटपुटत, मग ढोलाने खेचल्यावर मोकळ्या गळ्याने, तोही गायला. ध्रुवपद संपले तेव्हा क्लोतिल्दबाई काठी टेकत पुढे आल्या आणि राजाकडे न पाहता त्यांनी मुकुट व्हर्लिंडाच्या मस्तकावर ठेवला.

"गायलास ना? मग आता बस खाली," त्या ओक्तावला म्हणाल्या.

सणाच्या दिवशी चर्चमधून मिरवणूक निघाली ती भर दुपारी. राजा-राणी पुढे, मंडळीचे लुटुपुटूचे सैनिक मागे. आणि तांत एझिलिया पांढरी छत्री उघडून लगबगीने राणीच्या डोक्यावर धरायला धावली.

"तांत, मिटा ती."

"डोकं फिरलंय? ऊन बघ किती आहे!"

"बघतेय."

मावशी पुटपुटत चार पावले तशीच चालली. मग तिने छत्री मिटली, काठीसारखी रस्त्यावर टेकवली आणि भाचीला कोपराने ढोसले.

"मुकुट तरी सरळ कर. राणी ना तू?"