दांडीला जाऊन मीठ खाल्लं, तेही सांगून

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं यावर आमच्या घरी मतदान झालं. नात रेवा आठवीत आहे, ती म्हणाली गोवा. सूनबाई वैशाली म्हणाली, जिथं स्वयंपाक करावा लागणार नाही तिथं. मी म्हटलं, दांडी. मुलगा म्हणाला, कुठंही जा, मला हिंजवडीतून सुट्टी नाही. म्हणजे माझं एक मत विरुद्ध रेवाचं एक, आणि आज्जी वयानं मोठी. निकाल लागला.

आता दांडीच का? माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं विसरले, पण पुस्तकातलं एक चित्र डोक्यात पक्कं बसलंय. काठी घेतलेले म्हातारबाबा, समोर समुद्र, आणि वाकून उचललेलं मूठभर मीठ. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि ह्यांनी तो कायदा समुद्रावर चालत जाऊन मोडला. शिवाय मिठाशी माझं सध्या जरा नाजूक चाललंय. गेल्या वर्षी मंडईत चक्कर येऊन पडले, बीपी निघालं, डॉक्टरांनी मीठ तोडलं. तेव्हापासून घरातलं मिठाचं खातं वैशालीकडे. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिच्यापुढं कोण बोलणार?

पुण्याहून संध्याकाळची रेल्वे धरली, सकाळी अहमदाबाद. रिझर्व्हेशन फार आधी करा हो, दिवाळीत जागा मिळत नाही. समोरच्या बाकावरच्या बाईंनी थेपले पुढं केले. माझा हात निम्म्यावर पोचला तेवढ्यात वैशाली म्हणाली, "त्यांना चालत नाही." त्या बाईंना वाटलं माझा उपास आहे. नमस्कारच केला मला.

पहिला दिवस साबरमती आश्रम. तिकीट नाही, गेट मोठं नाही, साधी कौलारू घरं आणि शेजारी नदी. चपला काढून ओट्यावर बसलं की उठावंसं वाटत नाही. तिथं एक शिक्षक शाळेच्या पोरांना सांगत होते, मी पण पोरांत जाऊन बसले. ते म्हणाले, दांडीला निघण्याआधी बाबांनी इंग्रजांच्या बड्या साहेबाला पत्र पाठवलं, की तुमचा कायदा मी मोडणार आहे, आणि का ते पण लिहिलं.

मी रेवाला हळूच म्हटलं, अगं आधी सांगितलं तर पकडणार नाहीत का?

"आज्जी, तोच तर पॉइंट आहे," रेवा म्हणाली. "लपून केलं असतं तर ती चोरी झाली असती."

चोरी हा शब्द मला बरोबर लागला. कारण सांगते. आठ महिने झाले, वैशाली शाळेत गेली की मी स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढत होते. रोज एक फोड. मनात म्हणायची, माझं घर, माझं लोणचं, मी काय कुणाची गुलाम आहे? स्वतःला स्वातंत्र्यसैनिक समजत होते हो! निघाले चोर.

दुपारी गुजराती थाळी खाल्ली. डाळ गोड, कढी गोड, वाढणारा भाऊ नाही म्हटलं तरी वाढतो. पण माझं जेवणात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी केली. अहमदाबाद ते दांडी पाच-सहा तास धरा, रस्ता झकास, ट्रक मात्र फार. त्या लोकांना चालत चोवीस दिवस लागले होते, म्हणून एसी कमी करा म्हणायची मला लाज वाटली. भरूचजवळ नर्मदेचा पूल आला. नदीला हात जोडले आणि वैशालीजवळ बोलून टाकलं. बरणीचं सगळं सांगितलं. आणि म्हटलं, आज दांडीला मी चिमूटभर मीठ खाणार आहे. आधीच सांगून ठेवते.

वैशाली खिडकीबाहेर बघत होती. "डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली, आई," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच हातून मीठ जास्त पडतंय. घरात सगळेच अळणी खातायत ते त्यामुळं."

मग नवसारीला लॉजवर सामान टाकून पुढं निघालो. माझ्या मनाला जे लागलं ते लागलं.

दांडीचं स्मारक भलं मोठं आहे, सोबत चाललेल्या सगळ्यांचे पुतळे रांगेनं. साधी माणसं, कुणाच्या खांद्यावर झोळी. डोळे भरले. पण समुद्रावर गेले तर काय, काळपट ओली वाळू. मला वाटलेलं पांढरे ढीग असतील! मीठ दिसेनाच कुठं.

मी उभी राहिले ती राहिलेच. तेवढ्यात वैशालीनं पाण्याची बाटली रिकामी केली, सलवार वर धरली आणि गेली की सरळ लाटांत. भरलेली बाटली घेऊन चहाच्या टपरीवर आली. टपरीवाल्या बेननी कढई दिली, पैसे घेईनात. "दरियो तो बधानो छे," म्हणाल्या, समुद्र सगळ्यांचाच. वैशालीनं रुमालाची दुहेरी घडी करून पाणी गाळलं आणि उकळत ठेवलं. रेवा व्हिडिओ काढतेय, पाच-सहा माणसं जमलेली, आणि आमची विज्ञानाची बाई कढई ढवळतेय. पाणी आटलं, कडेला पांढरं धरलं. मला तर नाचावंसं वाटलं, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

मीठ हातावर देत नाहीत आपल्यात, भांडण होतं म्हणतात. वैशालीनं बशीत चिमूटभर ठेवलं.

"एवढंच," ती म्हणाली. "आणि लॉजवर गेल्यावर बीपी बघणार."

कडू होतं, दाताखाली कचकच वाळू. पण आठ महिन्यांतल्या सगळ्या फोडी एकीकडे आणि ती चिमूट एकीकडे.

नवसारीहून रेल्वेनं परत पुण्याला, कसबा पेठेत आलो. लोक विचारतात, काय आणलंत? सुरतेची घारी आणली, ती संपली. राहिलं ते वेगळंच. गाडीला तिरंगा मी पण लावते, छान वाटतं. पण देश ज्यांनी मिळवला त्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितलं आणि शिक्षेची तयारी ठेवली. मला सुनेच्या तोंडावर सांगायला आठ महिने लागले.

परवा वैशाली शाळेला निघाली होती. मी म्हटलं, शुक्रवारी चार वाजता मी कोपऱ्यावरची भेळ खाणार आहे. सांगून ठेवते.

"माझी शाळा साडेचारला सुटते," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "कायदा मोडायला पाच वाजता जमेल का?"

जमवलं. दोघींत एक प्लेट, आणि माझ्या बाजूची शेव तिनं उचलून घेतली.