तपासणारं कुणीच नव्हतं

"अगं, गोवंडीचा पत्ता कशाला टाकलास? हे लोक आपल्याला नकोतच."

सर हसले. मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

अंधेरीतलं ऑफिस. घरी आजारी माणसं सांभाळायला बाया पुरवणारी वेबसाइट. बायांनी मोबाईलवर नाव नोंदवायचं, लॉगिन करायचं, काम मिळवायचं. नोंदणीची जुनी स्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटमागचा कोड, एकदम भंगार. पासवर्ड विसरला की वाट लागली. एक रकाना चुकला की अख्खा फॉर्म कोरा. ती सुधारायचं काम माझ्याकडे. मी ओटीपी आणला, सूचना मराठीत केल्या. चाचणीसाठी माझ्याच घरचा पत्ता टाकला. ऑफिसात मात्र सांगून ठेवलेलं, कुर्ल्याला राहते.

"बाकी झकास," सर म्हणाले. "फक्त जुनी यादी तशीच ठेव."

कसली यादी? जागेवर येऊन स्क्रिप्टचा मी हात न लावलेला भाग उघडला. पिनकोड होते. गोवंडी, माहुल, अशाच वस्त्यांचे. तिथल्या बाईने नाव नोंदवलं की ते कायमचं बाजूला पडायचं. तिला एवढंच दिसायचं, 'तुमची नोंदणी तपासणीत आहे.' तपासणारं कुणीच नव्हतं.

ही ओळ मी पाहिली होती. आईच्या फोनवर. तेव्हा मी या नोकरीत नव्हते.

आईचा नंबर टाकून शोधलं. चार नोंदी. एकदा नुसतं नाव. एकदा पुढे 'बाई' लावून. एकदा बाबांच्या नावासकट. एकदा आडनाव आधी. दर वेळी तिला वाटलं, आपलंच चुकलं. आणि मी, कॉम्प्युटर शिकलेली तिची पोरगी, तिच्यावर खेकसले होते, "एक फॉर्म नीट भरता येत नाही का तुला?"

त्यानंतर तिने नाव नोंदवलं नाही. आयुष्यभर म्हाताऱ्यांची सेवा केलेली बाई भंगार निवडायला जाऊ लागली.

मी केबिनमध्ये गेले. "सर, मी गोवंडीची. ही यादी मी ठेवणार नाही."

"अगं, तू वेगळी आहेस."

"माझी आई आहे यात."

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "गिऱ्हाइकांना नको असतात, मी काय करू?"

संध्याकाळपर्यंत माझंच लॉगिन बंद झालं. यादी राहिली.

घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं."

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मग तू का ओरडलीस?"

मी तिच्यासमोर बसून मेथी निवडायला घेतली.

आता मी गल्लीगल्लीत फिरते. कुणाकुणाला असं लटकवून ठेवलंय, विचारते. बाया फोन घेऊन दारात येतात. कामगार कार्यालयात द्यायची तक्रार लिहून झाली आहे. पहिली सही आईची.

तक्रारीची कुणकुण लागली असावी, काल सरांचा फोन आला. "परत ये. आपसात मिटवू ना."

मी म्हटलं, "तक्रारीत तुमचं नाव लिहिलंय. ते खोडणार नाही."