तोंडभर फेस

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं एक सलून होतं आणि त्याच्या मालकाला सगळे दादा म्हणत. खरं तर तो एकटीचाच दादा, पाठच्या बहिणीचा. पण तिची हाक ऐकून ऐकून गल्लीनेही तीच उचलली, आणि पिकल्या मिशांची माणसंसुद्धा त्याच्यापुढे मान वाकवून म्हणू लागली, "दादा, कल्ले जरा सरळ ठेवा."

दादाचा हात हलका होता आणि जीभ त्याहून चपळ. कात्री थांबली तरी बोलणं थांबत नसे.

बहीण सहा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला. दादा गडबडला, तोवर पोरीने तुरटीचा खडा उचलून जखमेवर दाबलाही. रक्त थांबलं. दादाने तिथेच, आरशाच्या साक्षीने, तिला पदवी बहाल केली. "आमची डॉक्टर!" त्या दिवसापासून गल्लीत तिला दुसरं नाव उरलं नाही. दूधवाला म्हणे, डॉक्टर, भांडं आण. शेजारीण म्हणे, डॉक्टर, वेणी सुटली बघ. ती बारावीला गेली तेव्हा गल्लीच्या हिशेबाने तिची चांगली दहा-अकरा वर्षं प्रॅक्टिस झाली होती.

मग मेडिकलच्या प्रवेशाची यादी लागली. तीत तिचं नाव नव्हतं. दुसरीतही नव्हतं, आणि तिसरी लागलीच नाही.

ती खोलीत जाऊन बसली. रोज दुपारी दादाचा डबा घेऊन सलूनात येणारी पोर गल्लीत पाऊल टाकेना. टाकील तरी कशी? दाराबाहेर आली की कोणीतरी सवयीने म्हणणारच, काय डॉक्टर? हे दादाला कळत होतं. नाव त्यानेच ठेवलं होतं. गल्लीभरच्या तोंडांतून ते आता परत गोळा कसं करायचं?

घरी त्याने आपल्या परीने धीर द्यायला घेतला, म्हणजे बोलायला घेतलं. "अगं, होतं असं. पुढच्या वर्षी बघू. नाहीतर दातांचं बघू. तेही नाही तर जनावरांचं बघू. तो चक्कीवाला बघ, चार बुकं शिकला नाही, काय रुबाब आहे त्याचा!" बंद दारापाशी उभा राहून तो तासन् तास बोले.

इकडे सलूनात सांत्वनाला गल्ली लोटली. ज्यांच्या डोक्यावर चार केस नव्हते तेही कटिंगला येऊन बसले. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो." केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही. विमा एजंट म्हणाला, "दादा, मन घट्ट करा. आयुष्याचा काय भरवसा? त्यावरून आठवलं, आपल्या त्या डॉक्टरच्या नावाने एक..."

तेव्हा दादाला उपाय सुचला. त्याने ब्रश गरम पाण्यात बुडवला, वाटीत गरागरा घुसळला आणि एजंटाच्या ओठांवरून असा जाड फेस ओढला की पुढचं वाक्य आतच राहिलं. तोंड उघडावं तर साबण जिभेवर. एजंट नुसते डोळे फिरवू लागला.

"आता ऐका," दादा सावकाश वस्तरा पुसत म्हणाला. "आमच्या बहिणीला यापुढे कोणी डॉक्टर म्हणायचं नाही. दूधवाल्यालाही सांगा."

त्या दिवसांत गल्लीचे गाल इतके तुळतुळीत झाले की लग्नसराईतही झाले नसतील. जो कोणी तो शब्द उच्चारी त्याच्या तोंडाला फेस. मुख्याध्यापकांना तर नुसता पेपर वाचायला आले असताना फेस लागला. हळूहळू गल्ली वळणावर आली. चक्कीवाल्याला खरोखरचा ताप भरला, तर त्यानेही सलूनात येऊन चाचरत विचारलं, "दादा, जवळपास ते... औषध लिहून देणारे गृहस्थ कुठे बसतात?"

दादाने त्या रात्री दाराबाहेरून सांगितलं, "बाहेर ये गं. रस्ता साफ केलाय."

आणि एका दुपारी ती आली. हातात डबा, डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. एका खुर्चीत मुख्याध्यापक अर्ध्या दाढीत होते, बाकावर एजंट होता. दोघेही एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात गुंतले. बहिणीला बघून दादाला मात्र असं भरून आलं की तो वस्तरा हातात धरूनच ओरडला, "अगं ये, ये, डॉक्टर!"

एजंटाने डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापकांनी फेसभरल्या तोंडानेच एक बोट उचललं आणि दादावर रोखलं.

बहिणीने डबा खाली ठेवला. "दादा, बस खुर्चीत."

"अगं, चुकून तोंडातून..."

"बस."

तो दुसऱ्या खुर्चीत बसला. तिने ब्रश बुडवला, घुसळला आणि नाकाखालून हनुवटीपर्यंत असा फेस चोपडला की दादाची मिशी दिसेनाशी झाली.

"आता ऐक," ती म्हणाली. "ती तुरटी मी डोळे मिटून लावली होती. रक्ताची भीती वाटत होती म्हणून. तू नाचलास, मला मजा वाटली. पण पुढे डॉक्टर व्हायचं मी स्वतः ठरवलं, खरंच ठरवलं. जीव तोडून अभ्यास केला आणि नाही झालं. मला वाईट वाटतंय, दादा. तू दारात उभा राहून दातांचं आणि जनावरांचं बोलत बसतोस, मला धड रडूसुद्धा देत नाहीस. पुन्हा परीक्षेला बसायचं की दुसरं काही करायचं, मला ठाऊक नाही. कळलं की सांगेन. तोवर तू गप्प राहून नुसता जवळ बसशील?"

आरशात दादाला आपलं पांढरंफेक तोंड दिसत होतं आणि त्याच्या मागे तिचं. सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं. ओठांशी आलेलं ते सगळं साबणाच्या चवीसकट त्याने गिळलं आणि मान हलवली.

ती बाकावर जाऊन बसली. एजंट न सांगता उठला आणि दादा त्याच्या जागी बसला. मग ती रडली, कोणाची भीड न ठेवता, गुडघ्यांवर डोकं टेकून. मुख्याध्यापक अर्ध्या दाढीने बसून राहिले.

ऊन आरशावरून उतरून फरशीवर आलं. फेस सुकून दादाचे गाल ओढल्यासारखे झाले, कातडी चुणचुणू लागली. टॉवेल हाताशीच होता. त्याने तो घेतला नाही.