एंड झोनमधला एक पाय

"सर, माहा पाय आत होता ना?" वैशाली धापा टाकत विचारत होती.

"होता. पण एकच. दोन पायजेत," मी म्हणालो आणि दोन्ही हात आडवे हलवले. म्हणजे कॅच नाही. सामना तिथेच संपला. तिचा संघ एका गुणानं हरला.

शेगावला राज्य स्पर्धा होती, मी पंच. खेळ अमेरिकन फुटबॉल. हसू नका, आपल्याकडे मुली खेळतात. हेल्मेट-पॅड कुठून आणणार, म्हणून अंगावर धावून जायचं नाही. कमरेची पट्टी ओढली की खेळाडू थांबली. चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचं. मैदानाच्या टोकाला जो पट्टा असतो तो एंड झोन. तिथे चेंडू झेलला की टचडाऊन, सहा गुण. गंमत बघा, नाव टचडाऊन, पण चेंडू जमिनीला टेकवायचा नाही. झेलताना टेकला तर कॅचच जातो. मलाही हे पचायला वेळ लागला होता.

सामना तिसऱ्या क्रमांकाचा होता. संघ पहिल्या तिनांत आला तर प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलीस भरतीला बसता येतं. चौथ्याला नुसता भाग घेतल्याचा कागद. वैशाली उंद्रीची. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती. हे मला माहीत होतं. ती आमच्या जिल्ह्याची, म्हणून कुणी पक्षपात म्हणू नये या धास्तीनं मी जरा जास्तच ताठ उभा होतो.

तिचा कोच इंगळे धावत आला. "सर, कोनत्या पुस्तकात दोन पाय हायेत?"

"वाचत जा रे जरा!" मी सगळ्यांसमोर दटावलं.

इंगळे माझाच विद्यार्थी. शाळेत मी त्याला पीटी शिकवली. माझ्यापुढे त्याचा आवाज कधी चढला नाही. तो मान खाली घालून गेला. हरकत लिहून द्यायला अर्धा तास असतो. त्यानं दिली नाही.

जेवून लॉजवर आलो. मन काही लागेना. नियमांचं पुस्तक उघडलं. इंग्रजी, जाडजूड. खरं सांगतो, मी पहिली वीस पानं वाचली होती. बाकीचा खेळ मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकलो. ते व्हिडिओ अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांचे. तिथे दोन पाय लागतात. आमची स्पर्धा हौशी नियमांवर. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: चेंडू ताब्यात आणि एक पाय आत टेकला, की कॅच पूर्ण.

अरे देवा!

तसाच स्पर्धाप्रमुखांकडे गेलो. "साहेब, मी चुकलो. ते टचडाऊन होतं. निकाल बदला."

"पत्रकावर सह्या झाल्या, सर. हरकत आली नाही."

"मी दटावलं म्हणून आली नाही!"

"ते तुम्ही अन् तुमचा विद्यार्थी पाहून घ्या. पंचाचा निर्णय अंतिम असतो. आता काऊन गावभर करता?"

मी चूक लिहून दिली. त्यांनी कागद फाइलमध्ये लावला आणि चहा मागवला. मला त्या चहाचा संताप आला.

मुली एसटी स्टँडवर बसल्या होत्या. वैशालीला बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

"म्हंजे माहा कॅच बराबर होता?"

"हो, बेटा."

"निकाल बदलन का?"

"नाही."

"मंग मले सांगाले काऊन आले, सर? सकाळपासून वाटून राह्यलं होतं का आपलंच चुकलं. ते सोसलं असतं मी." तिचे डोळे भरून आले. "हे कसं सोसू?"

मन हलकं करायला गेलो होतो, आणि सगळं ओझं तिच्या अंगावर टाकून आलो.

भरती निघाली आणि झाली. राखीव जागेचा अर्ज तिला भरता आला नाही. तिच्या एका मैत्रिणीचा संघ पुढच्या वर्षी तिसरा आला आणि ती पोलिसात लागली. वैशालीनं खेळ सोडला. इंगळे भेटला की अजूनही वाकून पाया पडतो. मला ते नको वाटतं.

पंच होणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि आपल्याला घाबरणारा माणूस ज्या संघाचा कोच असेल, त्या सामन्यात शिट्टी हातात घेऊ नका.